पाहणाऱ्याची भाषा

फेसबुकवरचं एखाद्या संस्थेचं पान ब्राउझरमध्ये उघडावं. वर पत्त्याच्या पट्टीत जे तीन डब्ल्यू असतात ते पुसावेत, त्या जागी ‘एमआर-आयएन’ ही अक्षरं रोमन लिपीत टाकावीत आणि एंटर दाबावं. फोटो तेच राहतात, मजकूर तोच राहतो, पण भोवतीची चौकट, म्हणजे सगळी बटणं, सूचना, तारखा, मराठी होते. ‘एफआर-एफआर’ टाकलं तर फ्रेंच, ‘जेए-जेपी’ टाकलं तर जपानी, ‘एचई-आयएल’ टाकलं तर हिब्रू. इन्स्टाग्रामच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन ‘एचएल’ बरोबर ‘एमआर’ असं लिहिलं की तिथेही हाच प्रकार. दर वेळी जमतंच असं नाही. ‘आधी लॉग-इन करा’ म्हणून आडवी येणारी खिडकी हल्ली फार बोकाळली आहे. पण जमतं तेव्हा मला अजूनही मजा वाटते.

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ही मजा नाही. अ‍ॅपमध्ये पत्ता दिसतच नाही, तर बदलणार काय? ब्राउझर जुन्या वळणाचा आहे. तो पत्ता उघड्यावर ठेवतो आणि आपल्याला त्यात खाडाखोड करू देतो. घरातली तरुण मंडळी म्हणतात, ‘अहो, अ‍ॅप घ्या की, किती टाइप करत बसता!’ मी ऐकून घेतो आणि टाइप करत राहतो.

हा उद्योग मला लागला तो दिवाळी अंकाच्या कामातून. आमच्या अंकात लेखक-परिचयाचं खातं माझ्याकडे आहे. लेख मुदतीच्या नंतर का होईना, येतो. परिचय येतच नाही. आठवण केली तर उत्तर ठरलेलं, ‘तुम्हीच लिहा काहीतरी, तुम्हाला माहीत आहे सगळं.’ मला माहीत नसतं. विशेषतः लेखक जर्मनीत, इस्रायलमध्ये किंवा मॉरिशसमध्ये असेल, लेख कुणाच्या तरी ओळखीतून आलेला असेल, तर काहीच माहीत नसतं. मग त्या माणसाची सार्वजनिक पानं शोधायची, ज्या भाषेत असतील त्या भाषेत वाचायची आणि त्यातून तीन ओळी काढायच्या.

तीन ओळींसाठी एवढी यातायात कशाला, असं वाटेल. पण आपल्याकडे परिचय ही नाजूक चीज आहे. स्वतःचा परिचय स्वतः करून द्यायची आपली रीत नाही. व्याख्यानमालेत पाहुणे मंचावर बसलेले असतात आणि मंडळाचे कार्यवाह खिशातून कागद काढून त्यांची पुस्तकं, पुरस्कार, भूषवलेली पदं वाचून दाखवतात. पाहुणे त्या वेळात समोरच्या फुलदाणीकडे बघतात. तेच जर माइकपाशी येऊन ‘मी नामवंत समीक्षक आहे’ असं म्हणाले तर सभागृहात चुळबुळ होईल. कार्यवाहांच्या हातातला कागद बहुधा पाहुण्यांनीच लिहून पाठवलेला असतो, हा भाग वेगळा. वाचायला दुसरं तोंड लागतं.

समाजमाध्यमांनी ते दुसरं तोंड काढून टाकलं. प्रत्येकाने आपला कागद आपणच वाचायचा. यातून मराठी माणसाने काढलेली पळवाट मला बऱ्याच पानांवर दिसते. रोजचं लिहिणं मराठीत, भांडण मराठीत, श्रद्धांजली मराठीत. पण प्रोफाइलवरच्या ‘माझ्याविषयी’च्या चौकटीत इंग्रजी. कवितेत शब्द तोलून वापरणारा माणूसही तिथे बिनदिक्कत स्वतःला द्रष्टा, कथाकथनकार, परिवर्तनाचा दूत वगैरे म्हणवून घेतो. इंग्रजीत केलेली स्वस्तुती आपण केलेली वाटत नाही; कुणी कार्यवाह वाचून दाखवत आहेत आणि आपण फुलदाणीकडे बघतो आहोत, अशी समजूत करून घेता येते. यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. संकोच आहे, आणि तो मला आवडतो.

लिंक्डइनने २०२१ च्या अखेरीस हिंदी आणली आणि २०२४ मध्ये मराठी, बंगाली, तेलुगू, पंजाबी आणल्या. पण तिथली मला जास्त गमतीची वाटणारी सोय त्याच्या कितीतरी आधीची आहे. एकाच खात्यात तुम्ही दुसऱ्या भाषेतलं वेगळं प्रोफाइल लिहून ठेवू शकता. पाहणारा ज्या भाषेत संकेतस्थळ वापरत असेल त्या भाषेतलं प्रोफाइल तुम्ही लिहिलेलं असेल तर त्याला ते दिसतं; नसेल तर मूळ भाषेतलं. आमचा एक लेखक जर्मनीत अभियंता आहे. पुण्यात शिकला, आता तिकडेच स्थायिक. इंग्रजी चौकटीतून पाहिला तर तो झपाटलेला, नवनव्या कल्पनांनी भारलेला, माणसांना एकत्र आणणारा गृहस्थ आहे. जर्मन चौकटीतून पाहिला तर साल, हुद्दा, कंपनीचा विभाग, प्रमाणपत्र. पुन्हा साल, हुद्दा, विभाग. विशेषण औषधाला नाही. दोन्ही त्यानेच लिहिलेली, दोन्हीत खोटं काही नाही. इंग्रजीतून बघणाऱ्याला जर्मन माणूस दिसत नाही आणि जर्मनमधून बघणाऱ्याला इंग्रजी. परिचय मी जर्मन प्रोफाइलवरून लिहिला. आपल्या रीतीला ते जवळचं वाटलं.

हे उघड उघड दोन प्रोफाइलांचं झालं. पण एकच प्रोफाइल असलं, त्यातला काना-मात्राही मालकाने बदलला नसला, तरी बघणाऱ्याच्या भाषेप्रमाणे ते बदलत असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

सगळ्यात सोपी गोष्ट आकड्यांची. क्रिस्तियानो रोनाल्डोचे इन्स्टाग्रामवर ६० कोटींहून जास्त अनुयायी आहेत. पाश्चात्त्य पद्धतीच्या इंग्रजीत ते ६०० दशलक्ष म्हणून दिसतात. आपल्या मोजणीत ६० कोटी. जपानी लोक दहा-दहा हजारांच्या पटीत मोजत जातात. त्यांचा ‘ओकु’ म्हणजे दहा कोटी, म्हणून त्यांच्या चौकटीत सुरुवातीला नुसते ६. सहाशे, साठ, सहा. माणसं तेवढीच, पण डोळ्यांवर पडणारा पहिला आकडा वेगळा. थोरवी मोजायला बसलेल्या आपल्या मनावर त्याचा काहीच परिणाम होत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

त्या आकड्यांची लिपीसुद्धा कुठेतरी ठरलेली असते. युनिकोड कन्सॉर्शियम ‘सीएलडीआर’ नावाचं एक कोठार सांभाळतं. कोणत्या भाषेत तारीख कशी लिहायची, महिन्यांची नावं काय, दशांश चिन्ह टिंब की स्वल्पविराम, अनेकवचनं किती, अशा हजारो बारीकसारीक गोष्टींची त्यात नोंद आहे आणि बहुतेक मोठे ब्राउझर, फोन तिच्यावर विसंबून असतात. तिथे अरबीसाठी संख्यावाचक रूपांच्या सहा तऱ्हा नोंदवल्या आहेत. शून्याची वेगळी, एकाची वेगळी, दोनाची वेगळी, थोड्यांची वेगळी, पुष्कळांची वेगळी आणि उरलेल्यांची वेगळी. जपानीत एकच. म्हणजे तुमचे मित्र दोन असोत की दोन हजार, जपानी वाक्याला फरक पडत नाही. अरबी वाक्याला पडतो. आणि त्याच कोठारात मराठीचे मूळ आकडे देवनागरी आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी वळणाचे. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात संघराज्याची भाषा देवनागरी लिपीतली हिंदी आणि अंक मात्र आंतरराष्ट्रीय रूपातले, असं म्हटलं आहे. त्याचा हा पडसाद असावा. आमच्या अंकात आकडे कुठले वापरायचे यावर दर वर्षी एक बैठक खर्ची पडते. ब्राउझर ती बैठक घेत नाही. चौकट मराठी केली की ‘५ मार्च’ मुकाट्याने देवनागरीत येतो.

आता इस्रायलमधल्या बाईंविषयी सांगायला हवं, कारण चौकट किती आत शिरते ते मला त्यांच्या पानावर दिसलं. त्या बेने इस्रायल. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात शतकानुशतकं राहिलेला हा ज्यू समाज; तेलाचे घाणे चालवणारा आणि शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवणारा, त्यामुळे गावात शनवार तेली म्हणून ओळखला गेलेला. घरात मराठी, आडनावं गावावरून पडलेली, शेवटी आपलं ‘कर’. १९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर पुढच्या काही दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना अशा शहरांत वस्ती झाली. तिकडून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. बाईंनी आम्हाला मालिद्यावर लेख पाठवला होता. पोहे, खोबरं, गूळ आणि फळांचं ते ताट, एलियाहू हन्नाबीची आळवणी, आणि त्यातलं काय कोकणातून आलं नि काय आधीपासूनचं याचा त्यांनी लावलेला कस. लेख अंकातला सर्वांत चांगला होता. परिचय अर्थातच नव्हता.

त्यांचं पान उघडलं. हिब्रू, मराठी, थोडं इंग्रजी. ते आधी मराठी चौकटीतून पाहिलं, मग त्यांना स्वतःला कसं दिसत असेल म्हणून हिब्रू चौकट लावली. हिब्रू, अरबी, उर्दू, फारसी या उजवीकडून डावीकडे वाचायच्या भाषा. त्यामुळे नुसते शब्द बदलून भागत नाही, अख्खं पान कूस बदलतं. फोटो उजव्या अंगाला जातो, यादी दुसऱ्या बाजूला येते, ‘मागे’ नेणारा बाण उजवीकडे तोंड करतो. व्हिडिओ सुरू करायचा त्रिकोण मात्र तसाच राहतो. गूगलच्या रचनाकारांनी त्याचं कारण लिहून ठेवलं आहे. तो त्रिकोण काळाची दिशा दाखवत नाही, टेप फिरायची दिशा दाखवतो, म्हणून उलटायचा नाही. टेप जगातून कधीच गेली, पण तिच्या फिरण्याचा मान तेल अवीवमध्ये आणि कराचीत अजून राखला जातो.

दिशा बदलल्यावर अक्षरांचं काय होतं, ते जास्त पाहण्यासारखं आहे. प्रत्येक अक्षराला युनिकोडने त्याची दिशा नेमून दिली आहे. मराठी अक्षर कुठेही ठेवा, ते डावीकडून उजवीकडेच जाणार, हिब्रू उलट. विरामचिन्हांना मात्र स्वतःची दिशा नाही. वाक्याच्या टोकाला असलेला पूर्णविराम परिच्छेद ज्या दिशेचा त्या दिशेला जातो. त्यामुळे बाईंचं एखादं मराठी वाक्य हिब्रू रचनेत सापडलं की त्याचा पूर्णविराम वाक्याच्या आधी, डाव्या टोकाला जाऊन बसतो. आणि त्यांचं हिब्रू वाक्य मराठी रचनेत आलं की प्रश्नचिन्ह उजवीकडे, म्हणजे हिब्रू वाचणाऱ्याला वाक्य सुरू व्हायच्या आधीच प्रश्न पडलेला. यावर उपाय निघाला आहे. परिच्छेदातलं पहिलं पक्कं अक्षर ज्या भाषेचं, त्याची दिशा अख्ख्या परिच्छेदाला द्यायची. पण त्यालाही फाटे फुटतात. बाई शुक्रवारी संध्याकाळी हिब्रू अक्षरांत ‘शब्बात शालोम’ लिहून पुढे मराठीत सविस्तर लिहितात. पहिलं अक्षर हिब्रू, म्हणून सगळा मराठी मजकूर उजव्या समासाला चिकटून उभा. वाचायला अडचण काही नाही. पण आपली भाषा आपल्याला अशा बाजूने कधी दिसलेली नसते.

म्हणजे सुरुवातीला मी म्हटलं की मजकूर तोच राहतो, ते पुरतं खरं नाही. अक्षरांची वळणंही चौकट ठरवू शकते. देवनागरीतल्या ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढून त्यांची प्रमाण रूपं सांगितली. दोन्ही वळणांना युनिकोडमध्ये क्रमांक एकच. कुठलं काढायचं ते फाँट ठरवतो, आणि चांगल्या फाँटमध्ये अशी सोय असते की पानाची भाषा मराठी अशी नोंद सापडली तर मराठी वळण काढायचं. चौकट इंग्रजी असेल, तर पानाची भाषा इंग्रजी अशी नोंद असते आणि मराठी माणसाने मराठीत लिहिलेला ‘ल’ हिंदी वळणाने उमटतो. लिहिणाऱ्याने काही वेगळं केलेलं नाही. बघणाऱ्याने, तेही नकळत, त्याचं हस्ताक्षर बदललं.

नावांची कथा आणखी गुंतागुंतीची. फेसबुकवर एका खात्याला निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या प्रकारे लिहिलेलं नाव देता येतं, देणारे थोडे. ज्यांनी रोमन लिपीतच ठेवलं, त्यांचं नाव एखाद्या यंत्राने आपल्या मनाने देवनागरीत आणायचं ठरवलं की पंचाईत. रोमनमध्ये ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘ठ’ आणि ‘थ’ यांत फरक नाही. रोमनमधून आलेले साठे साथे होऊ शकतात. रोमनमध्ये लिहिलेलं काळे आडनाव पाहून यंत्राला कसं कळावं की हे गृहस्थ काळे आहेत, काले आहेत, की सॅलडमधली एखादी परदेशी पालेभाजी आहेत? छापखान्यात नावात चूक झाली तर लेखक फोन करून खडसावतो. इथे त्याला दिसतच नाही. तो आपलं पान आपल्या चौकटीतून बघतो आणि तिथे सगळं ठीक असतं.

फेसबुकचं भाषांतर २००८ मध्ये सुरू झालं ते वापरणाऱ्यांच्याच हातून. वाक्यं समोर ठेवायची, लोकांनी पर्याय सुचवायचे, मतं द्यायची. फ्रेंच आवृत्ती एका दिवसात उभी राहिली असं तेव्हा सांगितलं जात होतं. हौशी मंडळींनी समुद्री चाच्यांच्या इंग्रजीची आणि उलट्या अक्षरांतल्या इंग्रजीची चौकटही बनवली. पण त्याच वर्षी कंपनीला सदस्यांकडे एक चौकशी करावी लागली. तुम्ही स्त्री की पुरुष, ते सांगा. तोवर ते न सांगताही इंग्रजीत वाक्य कसंबसं पुढे ढकलता येत होतं. बाकीच्या भाषांत क्रियापदं, विशेषणं अडून बसली. मराठीला तर तेवढ्यानेही पुरत नाही. फोटो मावशीने बदलला तर ‘तिने’ बदलला. मावशीच्या सासूबाईंनी बदलला तर ‘त्यांनी’. दोघी स्त्रियाच, फरक माझ्या आणि त्यांच्या नात्यात आहे, आणि ती माहिती दोघींच्या खात्यांत नसते, असायचं कारणही नाही. ती माझ्याकडे असते. शेजारच्या घरात तीच मावशी ‘त्यांनी’ असते. मराठी चौकट प्रामाणिकपणे बनवायची तर प्रत्येक बघणाऱ्यासाठी निराळी बनवावी लागेल, एवढाच याचा अर्थ. ते कुणी करणार नाही आणि करूही नये. कोण कुणाला अरे-तुरे करतं याची यादी कुठल्याही कंपनीच्या हाती न गेलेलीच बरी.

बघणाऱ्याची भाषा कोणती हे संकेतस्थळाला समजतं कसं? पत्त्यातली खाडाखोड हा माझ्यासारख्याचा चाळा झाला. एरवी ब्राउझरच सांगतो. दर वेळी पान मागताना तो एक छोटी यादी पुढे करतो. मला अमुक भाषा हवी, ती नसेल तर तमुक, तीही नसेल तर ही तिसरी, आणि पसंतीचं वजनही दशांशात. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत जाऊन क्रम वर-खाली करता येतो. आपल्यापैकी कितीजण तिथे गेले असतील? लॅपटॉप इंग्रजीत आला, तसाच राहिला. रोज मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या, मराठी गाणी लावणाऱ्या, मराठीतच वाद घालणाऱ्या माणसाचा ब्राउझर दर पानाला ‘मला इंग्रजी द्या’ असं सांगत असतो. तिकडे हिशेब ठेवणाऱ्याला मराठी मागणारं गिऱ्हाईक दिसलंच नाही, तर त्याला दोष कसा द्यायचा? मराठी पाट्यांसाठी दुकानदाराशी हुज्जत घालणारे आपण या यादीकडे ढुंकूनही बघत नाही.

मी माझ्या यादीत मराठी पहिली केली आहे. पण तिला एक किंमत आहे, आणि ती मला उशिरा उमगली. तुमच्या ब्राउझरने दिलेल्या लहानसहान खुणा, म्हणजे फाँट, पडद्याचा आकार, टाइम झोन, भाषांचा क्रम, एकत्र केल्या तर नाव-गाव न विचारताही तुम्ही ओळखू येता. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिलं. मराठी पहिली मागणारे मुळात थोडे, म्हणून मी त्यात अधिकच उठून दिसतो. ओळख लपवण्यासाठी बनवलेला टॉर ब्राउझर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत वापरायला घेतला की तो विचारतो, पानं इंग्रजीतच मागू का? तुमची ओळख झाकायला बरं पडेल. सल्ला रास्त आहे. तरीही तो वाचून मी जरा वेळ थांबलो. गर्दीत मिसळायचं तर इंग्रजी मागायचं, स्वतःच्या भाषेत मागितलं की उघडं पडायचं. ज्या पत्रकाराला किंवा कार्यकर्त्याला खरोखर लपायची गरज आहे त्याने तो सल्ला जरूर मानावा. मला लपवण्यासारखं काही नाही. मी मराठी वरच ठेवली.

गोव्यातल्या एका कवीच्या पानावर निराळाच तिढा निघाला. ते देवनागरीत कोंकणी लिहितात, मराठीतही लिहितात. त्यांच्या कोंकणी ओळींखाली यंत्राने ‘मराठीतून भाषांतर’ करायची तयारी दाखवली होती. लिपी तीच, पुष्कळ शब्द सारखे, आणि यंत्राने शिकलेला मजकूर मराठीचा कितीतरी जास्त. त्यामुळे त्याचा असा समज होणं नवलाचं नाही. गूगल ट्रान्सलेटमध्येच मराठी २०१३ मध्ये आली आणि कोंकणी २०२२ मध्ये. पण कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, या प्रश्नावर गोव्यात माणसं रस्त्यावर उतरली होती. १९८७ चा राजभाषा कायदा त्या आंदोलनातून आला आणि १९९२ मध्ये कोंकणी आठव्या अनुसूचीत गेली. तो सगळा इतिहास एका निळ्या ओळीने परस्पर निकालात काढला, तोही मराठीच्या बाजूने. माझ्यातल्या मराठी माणसाला क्षणभर बरं वाटलं का, याची मी तपासणी केलेली नाही. कवींना कळवलं, तर ते हसले. म्हणाले, ‘मला ती ओळ दिसतच नाही, माझ्याकडे सगळं इंग्रजीत आहे.’ परिचयात मी ‘कोंकणी व मराठीत लेखन’ असं लिहिलं, कोंकणी आधी.

बाईंचा परिचय सर्वांत शेवटी लिहिला. हिब्रू चौकटीतून जे कळत होतं ते थोडं होतं. दिमोना, दवाखान्यातली नोकरी, निवृत्ती, नातवंडं. मराठी ओळींतून कळत होतं ते पुष्कळ होतं. नारळाच्या दुधातलं कालवण, आईच्या तोंडच्या ओव्या, लहानपणी सोडलेलं गाव, तिथल्या बंद सिनेगॉगच्या दारातला चाफा. मी मराठी वाचणारा; माझ्या तीन ओळींत साहजिकच चाफा आला, गाव आलं, ‘मनाने आजही कोकणात’ हे आलं. दिमोना आणि दवाखाना जागेअभावी गळाले. आमच्या वाचकाला त्या तीन ओळी आवडल्या असत्या, याबद्दल मला शंका नव्हती. मजकूर त्यांना पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला.

‘भाऊ, छान लिहिलंय,’ त्या म्हणाल्या, ‘पण ही बाई कोण?’

मी म्हटलं, ‘ताई, तुमच्याच पानावरून घेतलंय सगळं.’

‘हो, पण ते मी बहिणीसाठी लिहिते. ती ठाण्याला असते, तिला हिब्रू येत नाही. तिला गावचंच ऐकायला आवडतं, म्हणून मराठीत गावचं लिहिते. माझं काय ते सगळं हिब्रूत आहे. तुम्ही वाचलंत का ते?’

भाषांतराच्या आधाराने वाचलं होतं, असं मी सांगितलं.

‘मग ते घाला. आणि गाव काढा. आडनावात आहे की गाव! ते दोनदा कशाला सांगायचं? दिमोना लिहा. सगळा संसार तिथे झालाय माझा. दवाखान्यात बत्तीस वर्षं काम केलंय, तेही लिहा. आणि हेड नर्स लिहा, नुसतं नर्स नको. मी स्वतः सांगते म्हणून कमी करू नका.’

अंक छपाईला जायला दोन दिवस होते. मी चाफा काढला. हेड नर्स घातल्यावर ओळी चार झाल्या, म्हणून एका समीक्षकांच्या परिचयातला एक पुरस्कार कमी केला.